तासाला मंगा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अकरावीपासून मी वर्गात मागून दुसऱ्या बाकावर बसून मंगा वाचत आले आहे. आता बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, म्हणजे हे चौथं वर्ष. चुलत भावंडं, डिचोली-म्हापसा बसमधल्या मुली, हायर सेकंडरीतली पोरं, सगळ्यांचे प्रश्न तेच ते असतात, म्हणून एकदाच लिहून टाकते. मतं माझी आहेत आणि अर्धं लक्ष फळ्याकडे ठेवून झालेली आहेत. घरी पंख्याखाली लोळत वाचणाऱ्याला यातलं बरंचसं पटणार नाही.

मंगा म्हणजे काय? कॉमिक्सच ना?

हो. जपानी कॉमिक्स. उच्चार ‘मंगा’. मी फोनवर कुणाला तरी “मंगा आणतोयस ना नक्की?” असं विचारताना आजीने ऐकलं, आणि दोन दिवस तिची समजूत होती की मंगा म्हणजे कुणीतरी मंगेश आहे आणि तो आपल्याकडे जेवायला येणार आहे.

शब्द जुना आहे. होकुसाई या चित्रकाराने १८१४ पासून आपल्या रेखाटनांची पुस्तकं याच नावाने काढली. आज आपण वाचतो ती मंगा मात्र दुसऱ्या महायुद्धानंतर ओसामु तेझुका आणि त्याच्या पिढीने घडवली. पण माझ्यासारखीला महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. यातल्या बहुतेक गाजलेल्या मालिका आधी साप्ताहिकात येतात, आठवड्याला एक प्रकरण, साधारण १९ पानं. ‘शोनेन जंप’ हे त्यातलं सगळ्यात मोठं साप्ताहिक, १९६८ साली सुरू झालं आणि १९९० च्या दशकात त्याचा खप साठ लाखांच्या वर गेला होता. हे अंक लोक आगगाडीत उभ्या-उभ्या वाचायचे, दोन स्टेशनांमध्ये एक प्रकरण. म्हणजे अडथळे येणार, कुणीतरी धक्का मारणार, मध्येच मान वर करावी लागणार, हे धरूनच ती काढलेली असतात. आता सांगा, लेक्चरपेक्षा योग्य जागा कुठली?

वर्गातच का? घरी वाचता येत नाही का?

घरी मी पुस्तक हातात घेतलं की आईला नारळ खवलेला नसल्याची आठवण होते. बसमध्ये एक हात दांडीला. लेक्चरला मात्र पन्नास मिनिटं कुणी हाक मारत नाही. हाक मारली तर ती हजेरीची असते.

उजवीकडून डावीकडे वाचायचं हे खरं का?

खरं. पुस्तक आपल्याला जे मागचं कव्हर वाटतं तिथून उघडायचं. पानावर वरच्या उजव्या चौकटीपासून सुरुवात, मग डावीकडे, मग खालची ओळ. फुगेही त्याच क्रमाने. दहा पानांत सवय होते. दुसऱ्या दिवशी मराठी वर्तमानपत्र तुम्ही शेवटच्या पानापासून उघडता, पण ते तर आमच्याकडे सगळेच करतात, खेळाच्या बातम्यांसाठी.

पूर्वी इंग्रजी आवृत्त्यांत पानं आरशासारखी उलटवून छापायचे, म्हणजे डावीकडून वाचता यावीत म्हणून. त्यात सगळी पात्रं डावखुरी व्हायची. आता ते बंद झालंय.

कधी पकडली गेलीस का?

एकदाच, पण नीट.

बारावीत असताना ‘डेथ नोट’चा दुसरा खंड बाकाखाली होता. सर बाजूने आले, हात पुढे केला. मी दिला. त्यांना वर्गासमोर थोडी गंमत करायची होती, म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं, अर्थातच आपल्या सवयीने, डावीकडून. या इंग्रजी खंडांच्या शेवटच्या पानावर एक सूचना छापलेली असते: तुम्ही चुकीच्या दिशेने वाचताय, पुस्तक उलटं करा. सरांनी ती खणखणीत आवाजात, अर्ध्यापर्यंत वाचली. मग ते थांबले. वर्ग थांबला नाही.

त्या हसण्याची किंमत मला मोजावी लागली. उरलेला तास उभी राहिले आणि खंड वर्ष संपेपर्यंत स्टाफरूमच्या कपाटात. सर हसले असते तर मी सुटले असते असं माझी शेजारीण अजूनही म्हणते. मला नाही वाटत. त्यांच्या जागी मी असते तर मीही जप्तच केलं असतं.

सगळ्यात आधी काय वाचू?

‘फुलमेटल अल्केमिस्ट’. दुसरं काही विचारू नका.

हिरोमु अराकावाची ही मालिका २००१ ते २०१० चालली, २७ खंडांत संपली, आणि *नीट* संपली. नवख्याला संपलेली गोष्ट द्यावी, नाहीतर त्याची अवस्था माझ्यासारखी होते. दोन भाऊ मेलेल्या आईला किमयेच्या जोरावर परत आणायला जातात. मोठ्याचा पाय जातो, धाकट्याचं अख्खं शरीर जातं, आणि मोठा आपला हात देऊन धाकट्याचा जीव एका चिलखतात अडकवून ठेवतो. पुढची सगळी गोष्ट शरीरं परत मिळवायची. त्या जगाचा नियम एकच: काही हवं असेल तर तेवढ्याच मोलाचं काहीतरी द्यावं लागतं.

हे मी अकाउंट्सच्या तासाला वाचत होते. वर फळ्यावर टीचर लिहीत होत्या, प्रत्येक डेबिटला तेवढंच क्रेडिट. मी खाली बघितलं, वर बघितलं, परत खाली बघितलं. त्या दिवशी मला डबल एंट्री पहिल्यांदा कळली. तोपर्यंत नुसती पाठ होती.

या मालिकेचं शेवटचं प्रकरण १०८ वं आहे. ‘डेथ नोट’चंही १०८ वंच. योगायोग असावा. आजीला सांगितलं तर म्हणाली, मग जपमाळ ओढल्यासारखं वाचत बसतेस त्यात नवल काय.

‘डेथ नोट’ कशी आहे?

पहिले सात खंड अप्रतिम, उरलेले पाच मी पदरमोड करून घेतले होते म्हणून वाचले.

गोष्ट बहुतेकांना माहीत असते: एका हुशार मुलाला वही सापडते, तिच्यात ज्याचं नाव लिहावं तो मरतो, फक्त त्याचा चेहरा माहीत हवा. लेखन त्सुगुमी ओहबा, चित्रं ताकेशी ओबाता, २००३ ते २००६, १२ खंड. आणि ती वही त्याला दिसते कुठून? वर्गाच्या खिडकीतून! शिक्षक शिकवताहेत, ह्याचं लक्ष बाहेर, आणि आकाशातून वही पडते. लक्ष न देणाऱ्या विद्यार्थ्यावर इतकी मोठी मालिका उभी आहे हे मी सरांना सांगायला हवं होतं.

पण वर्गात वाचायला ही सगळ्यात वाईट. मजकूर फार. एकेका पानावर दोन माणसं एकमेकांच्या मनातलं ओळखताहेत, त्याने काय ओळखलं हे पहिल्याने ओळखलंय, ते दुसऱ्याला कळलंय. मध्येच “यू, थर्ड फ्रॉम लेफ्ट” ऐकू आलं की सगळं परत पहिल्यापासून. ही रविवारी दुपारी वाचायची. मी पकडली गेले तीही हिच्याचपायी, कारण मान वरच येईना.

मग वर्गात कुठली चालते?

माझी कसोटी सोपी आहे. मान वर करून फळ्याकडे दहा सेकंद बघितलं आणि परत खाली आलं, तर धागा सापडला पाहिजे. हा दोष नव्हे, कसब आहे. चौकटी मोठ्या, माणसं लांबून ओळखू येणारी, आणि पान उलटताना पुढे काय याची ओढ. ‘स्लॅम डंक’ यात पहिली. ‘नारुतो’ बरी. ‘वन पीस’ची पानं अलीकडे इतकी गजबजलेली असतात की फोनवर तर दिसतच नाही कोण कुणाला मारतंय.

चालत नाहीत त्यांची यादीही देते: ‘योत्सुबा’ (हसू येतं), ‘अ सायलेंट व्हॉइस’ (रडू येतं), ‘मॉन्स्टर’ (मागून कुणी खांद्यावर हात ठेवला तर किंचाळाल). या तिन्ही मालिका उत्तम आहेत.

‘स्लॅम डंक’ बास्केटबॉलवर आहे. मला बास्केटबॉल येत नाही.

मलाही येत नाही. आमच्या हायर सेकंडरीत बास्केटचा खांब होता, त्याला जाळी नव्हती आणि खाली स्कूटर लावायचे.

ताकेहिको इनोउएने ही १९९० ते १९९६ मध्ये काढली, ३१ खंड. लाल केसांचा एक भांडखोर पोरगा मुलीवर छाप पाडायला संघात येतो. त्याला काही म्हणजे काही येत नाही. नियम त्याच्याबरोबर आपणही शिकतो, त्यामुळे आपलं अज्ञान अडत नाही. शेवटचे सहा-सात खंड एकाच सामन्यात जातात, आणि त्या सामन्याची अखेरची मिनिटं जवळजवळ निःशब्द आहेत. संवाद नाही, आवाजाची अक्षरं नाहीत. नुसते हात, बूट, घाम, घड्याळ. मी ते प्रकरण बिझनेस लॉच्या तासाला वाचलं. दुपारचा दीड, बाहेर जुलैचा पाऊस, पत्र्यावर असा आवाज की शिकवलेलं कुणालाच ऐकू येत नव्हतं. चित्रातही आवाज नाही आणि वर्गातही नाही. त्यानंतर ते प्रकरण मी तीनदा वाचलं, पण पहिल्यासारखं झालं नाही. २०२२ साली त्याच सामन्यावर इनोउएने स्वतः चित्रपटही काढला. तो चांगला आहे, पण पाऊस नव्हता.

आपल्याकडे फुटबॉल. त्यावर काही?

हा प्रश्न माझ्या भावाचा. गोव्यात फुटबॉल हा २०१२ पासून अधिकृत राज्यखेळ आहे, आणि त्याआधी कित्येक पिढ्या भात कापलं की त्याच शेतात गोल उभे राहतात, तेव्हा प्रश्न रास्त आहे.

जुनी म्हणजे योइची ताकाहाशीची ‘कॅप्टन त्सुबासा’, १९८१ ची. मुलं धावतात, धावतात, मैदान संपतच नाही. एक फटका मारायला इतकी पानं लागतात की तेवढ्यात आमच्या वाड्यावरचा सामना संपून भजी खाऊन होतील. पण प्रेमळ आहे. जगातल्या कितीतरी खऱ्या खेळाडूंनी लहानपणी तीच बघितलेली.

नवी म्हणजे ‘ब्लू लॉक’, २०१८ पासून चालू, लेखन मुनेयुकी कानेशिरो, चित्रं युसुके नोमुरा. २०१८ च्या विश्वचषकात जपान बेल्जियमविरुद्ध दोन गोलांनी पुढे होता आणि ३-२ ने हरला. त्यानंतर काय, तर तीनशे तरुण स्ट्रायकरांना एका इमारतीत कोंडायचं आणि त्यातून एक महाअहंकारी गोलमारू घडवायचा, बाकीच्यांना हाकलायचं. ऐकायला वेडगळ, वाचायला भन्नाट. पान उलटायची घाई इतकी की बोटाला घाम येतो. माझा भाऊ गावच्या संघाचा गोलकीपर आहे. त्याने पाच खंड वाचले आणि परत दिले. म्हणाला, “तीनशे जण गोल मारायला आलेत, आणि अडवायला कोण, तर त्यातलाच एखादा बिचारा. ही गोष्ट आपल्याच संघाची आहे, मी पैसे देऊन कशाला वाचू?”

‘वन पीस’ सुरू करू की नको? शंभराहून जास्त खंड आहेत म्हणे.

आहेत. जुलै १९९७ मध्ये एइचिरो ओदाने सुरू केली, अजून चालू आहे. मी जन्मले त्याच्या आधीपासून. एवढी मोठी मालिका मी कॉलेजात संपवीन असं वाटलं होतं, आता निवृत्तीनंतरचं बघू.

माझा सल्ला: ९५ व्या प्रकरणापर्यंत जा. तिथे नामी नावाच्या मुलीची गोष्ट पुरी होते. तोवर मन लागलं नाही तर सोडून द्या, वाईट वाटून घेऊ नका. लागलं तर मग काही इलाज नाही. समुद्रावरची गोष्ट आहे आणि नायकाला पोहता येत नाही, एवढ्यावरच मी फिदा झाले. आमच्या वर्गातही किनाऱ्यावर राहून पोहायला न येणारे निम्मे आहेत.

‘अटॅक ऑन टायटन’चा शेवट तुला आवडला का?

१३९ वं प्रकरण २०२१ मध्ये आलं, तेव्हापासून मी या विषयावर दोन मैत्रिणी गमावल्यात. पुढचा प्रश्न.

‘योत्सुबा’ ही लहान मुलांची ना?

लहान मुलीची, लहान मुलांसाठी नव्हे. कियोहिको आझुमाची, २००३ पासून, फार सावकाश येते. हिरव्या केसांची, चार शेंड्यांची एक चिमुरडी बाबांबरोबर नव्या घरी येते आणि बस, रोज काहीतरी पहिल्यांदा बघते. झोका. एसी. किडे पकडणं. खलनायक नाही, लढाई नाही. माझी आई एकही मंगा वाचत नाही, पण ही तिने स्वयंपाकघरात उभ्याने पुरी केली, आणि मध्ये-मध्ये “ही अगदी तुझ्यासारखी” म्हणत राहिली. मला तेव्हा बरं वाटलं नाही. योत्सुबा फार आगाऊ आहे.

‘अ सायलेंट व्हॉइस’ वाचून रडू येतं म्हणतात.

येतं. योशितोकी ओइमाची, सातच खंड, २०१३-१४. ऐकू न येणारी एक मुलगी नव्या वर्गात येते, एक मुलगा तिला छळतो, बाकीचा वर्ग हसतो. पुढे काही वर्षांनी तो तिला शोधत जातो. यातला छळणारा मुलगा नीट रेखाटलाय, पण मला अस्वस्थ केलं ते हसणाऱ्यांनी. सातवीत आमच्या वर्गात एक मुलगा अडखळत बोलायचा. मी त्याला कधी काही बोलले नाही. हसले मात्र होते. तिसरा खंड मी वर्गात उघडला आणि मिटून दप्तरात टाकला.

मुली ‘शोनेन’ वाचतात का? ते मुलांसाठी असतं ना?

शोनेन म्हणजे मुलगे, शोजो म्हणजे मुली, हे मासिकांचे विभाग आहेत, एसटीतल्या राखीव सीटा नव्हेत. ‘फुलमेटल’ काढणारी अराकावा स्वतः बाई आहे. हिरोमु हे पुरुषी वाटणारं नाव तिने घेतलं, मूळ नाव हिरोमी.

अराकावाचं आणखी काही?

‘सिल्व्हर स्पून’! मला वाटलं कुणी विचारणारच नाही.

अराकावा होक्काइदोमधल्या दूधदुभत्याच्या शेतकरी घरातली. स्वतःचं चित्र काढते ते गाय म्हणून. २०११ ते २०१९, १५ खंड. शहरातला एक अभ्यासू मुलगा परीक्षांना कंटाळून मुद्दाम खेड्यातल्या कृषी विद्यालयात जातो, जिथे पहाटे उठून गोठा साफ करायचा असतो. कोंबडीचं अंडं कुठून येतं हे बघून तो हादरतो. एका डुकराच्या पिल्लाला जीव लावतो आणि त्याचं नाव ठेवतो ‘पोर्क बोल’, म्हणजे पुढे त्याचं काय होणार हे नावातच. मग ते *होतं*. आणि तो ते खातो की नाही, हा प्रश्न अराकावा तुमच्या ताटात आणून ठेवते.

आमच्या घरी गाय होती, वासराला नाव द्यायचं नाही असा आजोबांचा नियम होता. मला तो क्रूर वाटायचा. शहरातली मुलं ही मंगा वाचून “किती गोड” म्हणतात तेव्हा मला कळतं की त्यांनी फक्त पहिला खंड वाचलाय.

शाळेबद्दलची ही माझी सर्वात आवडती मंगा. मार्कांत हरलेल्या मुलाला दुसरं काही येऊ शकतं, हे ती भाषण न देता सांगते.

‘वॅगाबाँड’ वर्गात वाचू का?

नको. कृपा करा.

हीसुद्धा इनोउएचीच, १९९८ पासून. मियामोतो मुसाशी या तलवारबाजाची, एइजी योशिकावाच्या कादंबरीवर आधारलेली. ३७ खंड झाले आणि २०१५ पासून थांबली आहे. कुंचल्याने काढलेली पानं आहेत, कित्येकांवर शब्दच नाहीत. म्हणजे दोन अडचणी. भरभर पुढे जावं तर पानांची सळसळ ऐकू येते. थांबून बघावं तर तास संपतो आणि आपण त्याच झाडाकडे बघत असतो. चोरून वाचायची वस्तूच नव्हे ती. तिला मोकळं टेबल आणि उजेड हवा.

मी ती घरी वाचली, सोप्यावर बसून. शेवटच्या खंडांमध्ये मुसाशी एका उपाशी गावात अडकतो आणि तलवार बाजूला ठेवून शेती करायला बघतो. माणसं मारण्यात जगात पहिला, आणि जमिनीतून एक कोंब काढता येत नाही. ते पान उघडं होतं आणि आजोबा शेजारी येऊन बसले. त्यांना इंग्रजी येत नाही. जन्मभर भात केलं, वायंगण म्हणजे उन्हाळी पीकसुद्धा, आता गुडघ्यांमुळे बंद. त्यांनी पुस्तक घेतलं, डोळ्यांपासून लांब धरलं आणि बराच वेळ एकाच चित्राकडे बघत राहिले, मुसाशी वाकलेला, पाय चिखलात.

“चित्र काढणारा हुशार आहे,” म्हणाले. “ह्या माणसाची कंबर अजून शेतकऱ्याची झालेली नाही. वाकतोय बघ, मारामारी करायला वाकल्यासारखा.”

मी त्यांना अजून काहीच सांगितलं नव्हतं, तो कोण, काय करायचा. मग सांगितलं. त्यांनी चार पानं आणखी उलटली, चुकीच्या दिशेने, आणि तरवा लावताना माणसाने कुठे बघावं ते मला समजावत बसले. त्यांचं म्हणणं, हाताकडे बघायचं नाही, मागच्या ओळीकडे बघायचं.

तेझुकाची ‘बुद्ध’ वाचलीस का? आपल्या इतिहासाची आहे म्हणून आईबाबा चालवून घेतील.

चालवून घेतात, खरंच. बाबांनी ही एकच मंगा स्वतः पैसे देऊन घेतली. १९७२ ते १९८३ मध्ये तेझुकाने काढली. कपिलवस्तू, सिद्धार्थ, सगळं आहे, पण इतिहासाच्या पेपरात त्यातलं लिहाल तर शून्य मिळेल, कारण अर्धी पात्रं त्याने मनाने घातलीत आणि मध्येच विनोदही करतो. पहिल्या खंडात सिद्धार्थ जेमतेम जन्मतो. मला ती संथ वाटली, बाबांना फार आवडली.

मराठी माध्यमातून शिकलेय, इंग्रजी झेपेल का?

मीही चौथीपर्यंत मराठी शाळेतच होते, पाचवीपासून इंग्रजी, गोव्यात बहुतेकांचं असंच. झेपतं. चित्र निम्मं काम करतं. ‘योत्सुबा’, ‘स्लॅम डंक’ने सुरुवात करा, ‘डेथ नोट’ नंतर. माझं इंग्रजी ज्याला आमच्या टीचर “सुधारलं” म्हणतात, ते कुठून सुधारलं हे मी त्यांना सांगितलेलं नाही.

पुस्तकं महाग आहेत. तू कुठून आणतेस?

पहिला खंड पुण्याच्या मावसभावाचा. चवथीला आला होता, आरतीला उठला आणि पुस्तक उशाशी राहिलं, ते माझं झालं. आता माझ्या कपाटातल्या खंडांवर ३९९ पासून ५९९ पर्यंतचे आकडे आहेत, म्हणजे महिन्याला एक, तोही दिवाळीची ओवाळणी राखून ठेवली तर. आम्ही चौघी मिळून घेतो. एक घेते, चार वाचतात, पावसाळ्यानंतर अदलाबदल.

फोनवर ‘मंगा प्लस’ हे जपानी प्रकाशक शुएइशाचं अधिकृत अॅप २०१९ पासून आहे. बऱ्याच मालिकांची पहिली तीन आणि अलीकडची तीन प्रकरणं फुकट मिळतात. चव बघायला तेवढी पुरे. चोरीच्या साइटवरूनही मी वाचलंय, खोटं कशाला बोलू, पण तिथली भाषांतरं अशी असतात की आवडतं पात्र मेलं की नुसतं झोपलं हे कळत नाही.

निवांत बसायला जागा हवी तर पणजीला पाटोवरचं मध्यवर्ती ग्रंथालय. १८३२ सालापासूनची संस्था आहे, कदंबा बसस्टँडपासून चालत जाता येतं. तिथे मी वॅगाबाँडचा एक खंड घेऊन बसले होते. कुणी काही बोललं नाही.

पावसात पुस्तकं खराब होतात. उपाय?

मंगाचा कागद साधा असतो, पिवळा पडतोच, त्यावर रडू नका. बुरशी मात्र थांबवता येते. भिंतीला टेकवून ठेवू नका, आमच्याकडच्या भिंती जूनपासून घामेजतात. लोखंडी ट्रंकेत डांबराच्या गोळ्या टाकून ठेवा, आठवड्याला ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून ठेवलेत तर आतच ओल धरते. माझा ‘फुलमेटल’चा नववा असाच गेला.

आते विचारते, जपानशी आपला काय संबंध?

आतेला सांगा, साडेचारशे वर्षांहून जुना आहे. कागोशिमाचा अंजिरो नावाचा माणूस, हातून खून झाला म्हणून देश सोडून पळालेला, मलाक्क्यात फ्रान्सिस झेवियरला भेटला. १५४८ मध्ये तो गोव्यात आला, जुन्या गोव्याच्या सेंट पॉल कॉलेजात शिकला, इथेच त्याचा बाप्तिस्मा झाला. १५४९ च्या ऑगस्टमध्ये झेवियर कागोशिमाला उतरला तो त्याला घेऊनच. त्या कॉलेजची आता एक कमान तेवढी उभी आहे. खून करून पळालेला जपानी माणूस, परक्या देशात वर्गात बसलेला. कुणी तरी यावर मंगा काढायला हवी. तो तासाला लक्ष देत असेल का, हे मला जाणून घ्यायचंय.

अभ्यासावर परिणाम झाला का?

अकाउंट्स चांगलं गेलं. बिझनेस लॉ काठावर.

तुझी पुस्तकं वाचायला देशील का?

देईन. पान दुमडायचं नाही, जेवताना वाचायचं नाही, कढीचा डाग निघत नाही. वर्गात वाचणार असाल तर पकडले गेल्यावर माझं नाव सांगायचं नाही. आणि ‘मॉन्स्टर’चा तिसरा खंड ज्याच्याकडे गेल्या चवथीपासून आहे त्याने तो मिरगाच्या आत आणून द्यावा. डॉक्टर तेन्माचं पुढे काय झालं ते मला अजून माहीत नाही, आणि चौथा खंड तसाच ट्रंकेत पडून आहे.